दहा लाख एक

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर काही वर्षांनी मी मुरूमच्या शाळेत गणित शिकवायला लागलो. माझ्याआधी हा विषय ज्या मास्तरांकडं होता, त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. घरी मराठीच बोलायचे, पण गणित मराठीत सांगताना अडायचे. शाळा मराठी झाली तेव्हा त्यांना कवायत आणि हजेरीपट एवढंच काम उरलं. आमचं बोलणं नमस्कारापुरतं होतं.

सातवीत मूळ संख्या चालू होत्या. एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, दहा लाख एकाला कशानं भाग जातो?"

उद्या सांगतो म्हणालो. पुस्तकात शंभरापर्यंतच्या मूळ संख्यांची यादी होती, दोनपासून सत्त्याण्णवपर्यंत एकूण पंचवीस. घरी बसून त्यातल्या प्रत्येक संख्येनं भाग देऊन पाहिला. दर वेळी बाकी उरली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर १०,००,००१ लिहून मी सांगून टाकलं, "ही मूळ संख्या आहे."

मास्तर तेव्हा हजेरीपट घेऊन दारात उभे होते. शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाशी आले.

"एकशे एकानं बघितलं का तुम्ही?"

"नाही. शंभरापर्यंतच बघितलं."

"हजारापर्यंत जावं लागतं. हजार गुणिले हजार दहा लाख होतात. भाग जात असला तर एक तरी संख्या हजाराच्या आत घावणारच."

त्यांनी कागदावर संख्या लिहिली आणि उजवीकडून दोन-दोन आकडे तोडले : ०१, ००, ००, १. "पहिली जोडी घ्यायची, दुसरी वजा, तिसरी मिळवायची, चौथी वजा. शून्य आलं की एकशे एकानं भाग जातो."

शून्यच आलं. मी भागाकार केला. नऊ हजार नऊशे एक, बाकी काही नाही.

"ह्या नऊ हजार नऊशे एकाला मात्र तुमच्या पंचवीस पुरतात, आणि त्यातल्या एकीनंही भाग जात नाही. ही खरी मुफरद." मग त्यांनी विचारलं, "मराठीत काय म्हणता?"

"मूळ संख्या."

त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात तो शब्द उर्दू अक्षरांत लिहून घेतला.

"वर्गातच का नाही सांगितलंत?"

"पोरांसमोर? ते तुमचं तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. ती कुणी दाखवली हेही सांगितलं. "कवायतीचे मास्तर?" एकानं विचारलं. त्या प्रश्नानं मला चुकीपेक्षा जास्त ओशाळल्यासारखं झालं. मधल्या सुट्टीत, मास्तरांना परत गणित द्या म्हणायला मी हेडमास्तरांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, भाषेचं काय करणार. मग मास्तर आणि मी रोज तासभर बसू लागलो. ते उर्दू शब्द सांगायचे, मी मराठी.

पुढच्या जूनमध्ये त्यांना आठवीचं बीजगणित मिळालं. शब्द अडला तर सांगायला म्हणून मी मागच्या बाकावर बसायचो. पंधरा दिवसांनी ते म्हणाले, "आता तुम्ही नाही आलात तरी चालतंय."