वीस चष्म्यांचा फोटो

चिखलीत माझ्या फोटो स्टुडिओला लागूनच नौमानचं मेडिकल आहे. एक गोळी द्यायची तरी दहा वेळा समजावून सांगणारा हा माणूस. २०१७ च्या हंगामात, बीटी कपाशीला अळी शिवणार नाही असं छातीठोकपणे सांगणारे तोंड लपवू लागले आणि शिवारात फवारणीवर फवारणी सुरू झाली. डोळे चोळत येणाऱ्या मजुरांना थेंब देऊन देऊन नौमान वैतागला. या लोकांसाठी काहीतरी करायचंच, हे त्याच्या डोक्यात बसलं.

त्या हिवाळ्यात तो फ्रीमेसन लॉजमध्ये शिरला. बड्या पुरुषांची ही जुनी बंधुसंस्था. बैठक बंद दाराआड, कमरेला पांढरा एप्रन, आतलं बाहेर बोलायचं नाही अशी शपथ. नौमानने शपथ मोडून मला सांगितलं आणि मी ते चारचौघांत सांगतो आहे. मला त्याची काडीचीही खंत नाही.

प्रवेशाच्या दिवशी नव्या माणसाकडून पैसे, अंगठी, घड्याळ सगळं काढून घेतात. मग त्याच्यापुढे ताट धरून म्हणतात, गरजूंसाठी काहीतरी दे. देणार काय? तो खाली मान घालून उभा राहतो. तेव्हा लॉजचे अध्यक्ष सांगतात, ही लाज लक्षात ठेव आणि रिकाम्या हाताचा माणूस भेटला की आठव. हे सांगताना नौमानचे डोळे भरून आले होते.

मग तो तिथे राबू लागला. खुर्च्या लावल्या, पंगती वाढल्या, विधीची पानंच्या पानं पाठ केली. पुढच्या पावसाळ्यात त्यानेच सुचवलं की फवारणाऱ्यांना औषध डोळ्यांत उडू नये असे चष्मे वाटू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अमडापूरजवळच्या एका वस्तीवर कार्यक्रम झाला. बॅनर, हार, बंधुभावावर भाषण, वीस मजूर, वीस चष्मे. फोटोला मी होतो. साठीचा कडूबा चष्मा लावून लहान पोरासारखा हसत होता. फोटो झाले आणि अध्यक्षांनी नौमानला बाजूला घेतलं. चष्मे गोळा कर, म्हणाले, उद्या दुसरबीडच्या कार्यक्रमाला हेच लागतील. नव्या सदस्याने असली कामं करायची असतात.

नौमानने माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेरा पिशवीत भरत राहिलो. मग त्याने खोकं उचललं आणि एकेकापुढे धरलं. कडूबाने चष्मा धोतराच्या सोग्याने पुसून आत ठेवला.

"उद्या फवारनी हाये भाऊ," तो म्हणाला. "मंग डोयाले काय लावू?"

"आनून देतो," नौमान पुटपुटला.

गाडीत मी त्याला विचारलं, "काऊन गप्प राह्यला बे?"

"मी नवा आहो तिथं, सहदेवभाऊ. कसा बोलू?"

मला शिसारी आली. त्या अध्यक्षांची आलीच, पण रोज तेच लाल डोळे बघणाऱ्या नौमानची जास्त आली. आणि फोटो नीट आलेत ना, एवढंच बघत बसलेल्या माझी तर सांगायलाच नको. दुसऱ्या दिवशी दुसरबीडलाही खोकं त्यानेच धरलं आणि फोटो मीच काढले.

चौथ्या दिवशी नौमानने एप्रन परत पाठवून दिला. स्वतःच्या पैशाने चष्मा घेतला आणि मला गाडीवर बसवून कडूबाच्या घरी निघाला.

घरात अंधार होता. फवारणी कडूबाने ठरल्या दिवशीच उरकली होती. डोळ्यांवर ओला फडका ठेवून तो बाजेवर पडला होता. त्याची बायको कलाबाई म्हणाली की चिखलीवाले भाऊ आलेत, ते चष्म्याचे. नौमानने पिशवीतून चष्मा काढला, पण पुढे करायचा त्याला धीर होईना.

कडूबा चाचपडत उठून बसला. फडका बाजूला ठेवला. पापण्या सुजून मिटल्या होत्या. त्याने बोटांनी सदऱ्याची गुंडी शोधली आणि लावली.

"फोटो काढाले आले का?" तो म्हणाला. "थांबा, बाहेर उजेडात बसतो."