बारावी पेटी

साधनाच्या हाताखालून गेल्याशिवाय घरातून एकही पेटी बाहेर पडत नसे. कंपनी म्हणजे तरी काय, शहाण्णव साली सिडकोतल्या घराची पुढची खोली. नवरा महेश पेट्यांची आखणी करायचा, दीर राज गावोगाव फिरून ऑर्डरी आणायचा, वायरिंग साधनाचं. शेतात लाइट आली की पंप आपोआप सुरू करणाऱ्या पेट्या होत्या त्या. आधी मिनिटभर घंटा वाजे, मग मोटर फिरे. पंपापाशी कुणी असलं तर त्याला बाजूला होता यावं, म्हणून तो टायमर साधनानंच हट्टानं घालायला लावला होता.

त्या मंगळवारी सुट्या भागांचा डबा आवरताना तिच्या हाताला एक टायमर लागला. बारा आणले होते, आणि पेट्या तर बाराही गेल्या होत्या. ती मटकन खाली बसली. शेवटच्या पेटीत तिनं तपासणीपुरती टायमरच्या जागी साधी वायर जोडली होती, तेवढ्यात तिची लेक तेजस्विनी तापानं रडायला लागली. वायर तशीच राहिली.

“शेवटची पेटी कुठं बसवली?”

“चांदवडला, गोटीरामकडे. काल संध्याकाळी. लाइट नव्हती, चालवून नाही पाहिली.” महेशचा चेहरा उतरला.

गोटीरामकडे फोन नव्हता. तिकडे शेताची लाइट दुपारी बाराला यायची. पोरीला शेजारच्या सुमनबाईंकडे ठेवून, टायमर पिशवीत टाकून दोघं स्कूटरवर निघाले. पिंपळगाव गेलं तरी साधनाची नजर महेशच्या मनगटावरच्या घड्याळावरून हटेना. वडाळीभोईला ट्रकांची रांग लागलेली. तिच्यातून बाहेर पडतात तोच रस्त्याकडेची पिठाची गिरणी घरघरायला लागली. पावणेबारासुद्धा झाले नव्हते.

“लाइट आली,” ती म्हणाली. महेशनं स्कूटरचा वेग वाढवला.

गोटीराम विहिरीच्या काठावर बसला होता. हाताला गुंडाळलेली चिंधी लाल झालेली, बायको साळूबाई वरून हळद दाबत होती. पंपाचा पट्टा नीट करताना मोटर फिरली. दोन बोटांची नखं गेली, हात तेवढा वाचला.

“घंटी वाजलीच नाय,” तो म्हणाला.

“कधीकधी व्होल्टेज...” महेशनं सुरुवात केली.

“नाही दादा,” साधना गोटीरामला म्हणाली. “चूक माझी. टायमर बसवायचा राहिला.”

साळूबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. “मंग आता बसव. आन चालवून दाव.”

महेश गोटीरामला डॉक्टरकडे घेऊन गेला. साधनानं खटका पाडून टायमर बसवला. साळूबाईनं तिला पाच वेळा मोटर चालू-बंद करायला लावली, तेव्हा कुठं पाणी विचारलं.

पुढं दहा वर्षांत कंपनी अंबडच्या शेडमध्ये गेली. कारखान्यांच्या मोठ्या वीज-पॅनेलांच्या ऑर्डरी आल्या, चाळीस माणसं कामाला लागली. तपासणीची सही मात्र साधनाचीच. टेम्पो दारात खोळंबला की राज वैतागायचा, “वहिनी, दोनदा बघितलंय.”

“थांबू दे त्याला,” ती म्हणायची.

आणि तरीही कधी जेवता जेवता तिचा घास हातातच राहायचा. ती उठायची, हात धुवायची आणि त्या दिवशी गेलेल्या पेट्यांची यादी पुन्हा काढून बसायची.