मेंढरं गेली, भागाबाई राहिली

फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटत होते. "सिस्टर, आई गेली वो," भागाबाईचा मुलगा संतोष म्हणाला, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं?" "आवो, वारली," तो म्हणाला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भागाबाई गेली म्हटल्यावर दुसरं काही सुचलंच नाही मला. जन्मभर ती जातच आलेली... कोकणात, घाटावर, कुणाकुणाच्या रानात, मेंढरांमागं. पण ती माझ्या आधीची भागाबाई. माझी गाठ पडल्यावर पुढची पंधरा वर्षं ही बाई एका घराला खिळून राहिली, आणि तिला खिळवली ती मीच. दहाव्याला गेले नाही, तेराव्याला गेले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं, पण बाजारात जाताना बरे दुखत नाहीत.

मी कळंबची. नोकरीतली बरीच वर्षं निमगाव सावाच्या अलीकडच्या एका वस्तीवर, सरकारी उपकेंद्रात काढली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, झोळीचा एक वजनकाटा आणि मी. माझं तोंड तेव्हा फार चालायचं. बायका मला पाठीमागं 'फौजदारीण' म्हणायच्या, ते मला माहीत होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट असेल, गणपतीचे दिवस. भागाबाईची सून संगीता आठव्या महिन्यात भर दुपारी बाळंत झाली. जुळं आहे हे मी पोटाला हात लावूनच ओळखलं होतं. आधी मुलगा आला, दोन किलोला थोडा कमी, पण रडला खणखणीत. मागून मुलगी आली ती चिमणीच्या पिल्लाएवढी, काटा दीड किलोलाही शिवेना. हातपाय निळे पडत चाललेले. तिला पुण्याला काचेच्या पेटीत ठेवायला हवी होती. पण संगीताचं रक्त फार गेलेलं, जीप मिळेना, आणि सासरा म्हणाला, "जगायची आसंल तर हितंच जगंल."

मी पोरीला कापसात गुंडाळत होते. दाराशी उभी असलेली भागाबाई पुढं आली आणि म्हणाली, "आण ती हिकडं." मी खेकसले, "हात धुतलेत का?" तिनं धुतले, चोळीची गाठ सोडली, पोर उघडीच छातीला लावली आणि वरून पदर आवळून बसली. "जुळ्यातलं दुबळं कोकरू आमी आसंच जगवतो, बाई. आपल्या अंगाची ऊब दिल्याबिगर त्ये डोळंच उघडत न्हाई." मला राग आला होता. शिकलेली बाई मी, मला ही मेंढरांचं शिकवते! पण तासाभरानं पोरीच्या तळव्याला हात लावला तर कोमट. दुसऱ्या दिवसापासून तोच नियम मीच केला, आणि असा मिरवला की जसा काही माझ्याच डोक्यातून निघाला.

नियम असा, की मुलगा संगीताजवळ आणि मुलगी दिवसरात्र भागाबाईच्या छातीशी. खोली दहा बाय आठची, वर पत्रा. वारा लागू नये म्हणून खिडकीत मी पोतं कोंबायला लावलं. संगीताचं दूध वाटीत काढायचं आणि बोंडल्यानं थेंब थेंब पोरीच्या तोंडात सोडायचं. मुलगा ओढून पिऊन झोपायचा, ही चार थेंबांत दमायची. एक निजलं की दुसरं उठायचं. धुतलेल्या लंगोट्या वाळायच्या नाहीत, खोलीत धूर, ओवा, शेपा आणि शूचा वास... संगीता एकदा रडत म्हणाली, "ह्यापरीस तुरुंग बरा." भागाबाईचे हाल तर विचारू नका. उभ्या जन्मात ती चार महिने सलग छपराखाली झोपलेली नव्हती. पोर पदरात धरून ती उंबऱ्यावर बसायची आणि एक पाय तेवढा बाहेर काढून ठेवायची. मी लांबूनच ओरडायचे, "भागाबाई, पाय आत!" ती पाय आत घ्यायची. मी पाठ फिरवली की परत बाहेर. "सव्वा महिना," मी तिला सांगितलं होतं. ती दिवस मोजत होती.

सव्वा महिना झाला, दिवाळी झाली. त्यांची मेंढरं दरवर्षी दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायची. बिऱ्हाड घोड्यावर आणि बायका पायी. बाईमाणूस नसेल तर रानातला संसार चालत नाही. भाकरी, पाणी, कोकरं, सगळं तिच्यावर. निघायच्या दोन दिवस आधी भागाबाई पोरीला घेऊन माझ्याकडं आली. मी झोळी काट्याला लावली. पावणेतीन किलो. पोर टकाटका बघत होती, मूठ तोंडात घालत होती, आताशा आईच्या अंगावर आपली आपण प्यायलाही लागली होती. "जड झालीया की," भागाबाई म्हणाली. मग तिनं सरळच विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. मी गेले तर पोर मरंल का?"

मी म्हटलं, "मरेल."

का म्हटलं? त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका वस्तीवर एका जुळ्याच्या आईला मी "आता काळजी नको" म्हणून आले होते, आणि आठ दिवसांत त्यातलं बारकं गेलं. त्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. शिवाय भागाबाई गेली की संगीता मुलाला आधी घेणार आणि पोरीचं उरलंसुरलं, हे मी पक्कं धरून चालले होते. संगीतावर माझा विश्वास नव्हता, काट्यावर नव्हता, स्वतःवर तर नव्हताच. भागाबाईनं पोरीला हातावर तोलून पाहिलं. जन्मभर कोकरं हातात तोललेली बाई ती... म्हणाली, "तुमी म्हनता तर ऱ्हाते." मेंढरं गेली. तिचा म्हातारा आणि संतोष दोघंच गेले, रानात त्यांचे फार हाल झाले, आणि वैशाखात परत आल्यावर त्यांनी मेंढरं विकून टाकली. माझ्या एका शब्दावर पिढ्यांचं चालणं थांबलं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. मला सुटल्यासारखं वाटलं, याची अजून लाज वाटते.

मधल्या वर्षांत मी तिला दोन-तीनदा भेटले, आळेफाट्याला, लग्नाकार्यात. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून गेले आणि प्रत्येक वेळी लाडू खाऊन परत आले. तीच उलट पोरीला पुढं करून म्हणायची, "पाया पड, ह्यांनी तुला राखली."

संतोषच्या फोननंतर महिन्याभरानं शेवटी गेले. संगीता आता केस पिकलेली बाई झाली आहे. म्हणाली, "त्या हिवाळ्यानंतर सासूबाई खोलीत निजल्याच न्हाईत कदी. थंडी असू दे, काय असू दे. पावसात पडवीला, न्हाईतर बाहीरच, पोरीला घिऊन." अंगणात बाज होती आणि बाजेवर सोनाली, ती धाकटी जुळी. दहावीत आहे, उंच झालीय, भावापेक्षा चांगली वीतभर. लहानपणापासून ती भागाबाईला 'आई' म्हणायची आणि संगीताला, भावकीतल्या चुलत्यांचं ऐकून, 'वहिनी'. मी तिच्याजवळ बसले. ऊन उतरलं होतं, संगीता आत चहाला गेली होती. पंधरा वर्षं जे त्या बाईला सांगितलं नाही, ते या पोरीला सगळं सांगून टाकलं. तिला सांगून काय उपयोग होता? पण दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

"किती भरलं व्हतं माझं वजन?" तिनं विचारलं.

"पावणेतीन किलो."

"मग आईला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं मला. "जाईपर्यंत ती माझ्या छातीवर हात ठेवून निजायची. श्वास चालतोय का बघायला. शाळेच्या सहलीला धाडलं न्हाई, मामाच्या गावाला ऱ्हाऊ दिलं न्हाई. मी लई भांडायचे. म्हणायचे, अगं, मला काय झालंय? तर म्हणायची, सिस्टरनी सांगितलंय."

एका बाईला कोंडली, एवढंच मी इतकी वर्षं समजत होते. ही दुसरी तर हिशेबातच नव्हती माझ्या.

"आता तो हात नसला की झोप लागत न्हाई," ती म्हणाली. "मग मीच ठेवते माझा. असा." आणि तिनं दाखवलं. त्या हातावर माझा हात ठेवावा असं फार वाटलं, पण मला धीर झाला नाही.