पिंगळीच्या प्रल्हादकाकांची पाणबुडी

परभणीत तीस वर्षं बातमीदारी केल्यावर छापलेल्या बातम्या विसरायला होतं. न छापलेल्या मात्र भेटायला येत राहतात. प्रल्हादकाकांच्या पाणबुडीचे किस्से त्यातलेच.

*

काका पिंगळीचे. एकाहत्तरच्या युद्धात नौदलाच्या पाणबुडीवर होते. एका दुपारी ते ऑफिसात आले.

"जयभीम. आमची बोट भंगारात काढली. कापायलेत तिला. छापा. दुश्मनाला जमलं न्हाई ते आपण केलं, हे लोकांना कळू द्या."

संपादक म्हणाले, "यात परभणीचा काय संबंध? इथं समुद्र कुठाय?"

"समुद्र न्हाई साहेब. मी हाय की."

*

मी पिंगळीला गेलो. काकांनी युद्धातला एक दिवस सांगितला. वर दुश्मनाचं जहाज घिरट्या घालतंय. खाली पंखे बंद, बोलणं बंद, बूटसुद्धा काढलेले. आवाज झाला की संपलं. शेजारच्या केरळी जोडीदाराला खोकल्याची उबळ आली. त्यानं टॉवेल तोंडात कोंबला आणि तसाच तासन् तास पडून राहिला.

"आणि तो खोकला असता तर?"

"मग तुमाला तवाच बातमी भेटली असती."

*

बातमी लागली. फोटो मात्र भल्यामोठ्या युद्धनौकेचा! उपसंपादकाला फैलावर घेतलं, तर म्हणतो, "सर, पाणबुडीच्या फोटोत नुसतं पाणीच दिसत होतं. वाचकांना येलदरी धरण वाटलं असतं."

*

खरा गुन्हा पुढेच होता. जागा कमी पडली की आमच्याकडे बातमी शेपटाकडून कापतात. कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाची जाहिरात ऐन वेळी आली आणि शेवटचा परिच्छेद उडाला. पाणबुडी भंगारात गेली, हे फक्त त्यातच होतं. छापून आलं ते एवढंच, की ती लढली आणि सुखरूप परतली.

खुलासा छापा म्हणून मी भांडलो. संपादक म्हणाले, "भंगाराचा कसला खुलासा? लोक खूश आहेत, राहू द्या."

*

लोक खूश होतेच. गावानं काकांचा सत्कार ठेवला. मी त्यांना म्हटलं, "पेपरनं खाल्लं ते तुम्ही माइकवरून सांगा."

"त्याच्यासाठीच आलोय," काका म्हणाले.

ते बोलायला उभे राहिले. पुढच्या रांगेत त्यांची थोरली बहीण बसली होती. युद्धात रोज पोस्टमनची वाट बघितलेली बाई. तिनं बसल्या जागेवरूनच विचारलं, "पल्लाद, तुला जिता आणून सोडला तिनं. कुठं हाय रं ती बोट आता?"

काकांनी माइक खाली केला.

"अक्का," ते म्हणाले, "अजून वर आली न्हाई."