साडूंचं प्रोटीन आणि आमचा ताठा

एका प्रोटीनवर जन्मभर प्रेम करणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. प्रयोगशाळेतून निवृत्त झाले तरी त्यांचं ते वेड सुटलं नाही. बारशाला गेले तरी प्रोटीन, दहाव्याला गेले तरी प्रोटीन. पंगतीत तूप वाढणाऱ्याला थांबवून विचारणार, "अहो, ही चरबी पाण्यात विरघळत नाही, मग पेशीत फिरते कशी?" तो बिचारा पुढच्या पानाकडे सटकतो आणि तावडीत सापडतो मी. बँकेत नोकरी केल्यामुळे काही न समजता मान डोलावण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. मंडईत तर त्यांनी माझ्यावरच प्रात्यक्षिक केलं. भाजीच्या दोन्ही पिशव्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "आपण प्रोटीन, पिशवीत चरबी. पेशीच्या अडगळीच्या खोलीतून ती उचलायची आणि बाहेर पेशीच्या पडद्यापाशी पोचवायची. हमालच अधू असेल तर खोली तुंबते, पेशी मरते. लहान मुलांना होतो हा आजार." मी पिशव्या स्कूटरपर्यंत पोचवल्या. भाजीवाली म्हणाली, "काका, हमाल झकास गावला की तुम्हाला!" विज्ञानाच्या सेवेत माझी मजल तेवढीच.

माझी नात दुसरीत आहे. जिना उतरताना ती खाली बघायचीच नाही. पायानं पायरी चाचपायची, कधी धडपडायची. "आमच्या घराण्याचा ताठा आहे, कुणापुढे नजर खाली जात नाही," असं मी सोसायटीभर मिरवत होतो. दिवाळीत साडू फराळाला आले आणि तिला उतरताना पाहून जिन्यातच थांबले. खिशातलं पेन तिच्या डोळ्यांसमोर धरून त्यांनी ते हळूहळू खाली नेलं. तिची मान खाली गेली, डोळे गेले नाहीत.

त्या दिवशी साडू प्रोटीनबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मी घाबरलो तो त्यामुळे. निघताना एवढंच म्हणाले, "उद्या तिला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू. मी येतो बरोबर." तपासण्या झाल्या आणि तोच, अधू हमालाचा आजार निघाला. औषधानं त्याचा वेग कमी होईल, पण तो जाणार नाही. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर साडूंना म्हणाले. शेजारी मी, घराण्याचा ताठा, मान खाली घालून बसलो होतो.

आता साडू दर रविवारी येतात. मी नातीला पाठुंगळी घेऊन जिना उतरतो आणि पिशव्या ते घेतात. प्रोटीनचं नाव काढत नाहीत. मीच म्हणतो, "अहो, सांगा ना पुन्हा ते पेशीचं." ते नुसतं तिच्याकडे बघतात. फार वाटतं, त्यांनी पूर्वीसारखं भर पंगतीत तूपवाल्याला अडवावं. मी शेजारी बसून मान डोलावीन. आता मला सगळं समजतं.