सहा जणांच्या मिरच्या

बायको बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा तिच्या सहा माणसांच्या भरिताचं प्रमाण मी एकट्यासाठी बसवलं. वांगी हिशोबाने कमी केली. मिरच्या मात्र सहा जणांच्याच पडल्या.

तोच डबा घेऊन धुळ्याहून चाळीसगावच्या गाडीत बसलो. समोर डोक्याला रुमाल बांधलेले एक आबा कोरडी भाकरी मोडत होते. मी मोठ्या ऐटीत त्यांना भरीत वाढलं. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घरवाली माहेर गई शे का, भाऊ?"

मी ओशाळून मान हलवली.

"मनी घरवाली मरी गई, तवय मना हातनं बी असंच व्हये," असं म्हणत त्यांनी भाकरी पुन्हा पुढे केली. "वाढ. फेकू नको."

नाक पुसत पुसत त्यांनी डबा संपवला. स्वयंपाकी मात्र एका घासावर नुसतं पाणी पीत बसला होता.