फायटरचा कटपीस

तुम्हीच सांगा, बायको, मेव्हणा आणि स्वतःची नजर, यांतल्या एकावरच भरवसा ठेवायचा झाला तर कुणावर ठेवाल? मी ठेवला स्वतःच्या नजरेवर. आणि काय शोभा झाली म्हणता!

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार. मुलुंडला माझं साड्यांचं दुकान. शाळा सातवीपर्यंतच, पण कापड माझ्याशी बोलायचं! नायलॉनच्या साडीला कुणी हात लावायच्या आत मी ओरडायचो, "ताई, अंगठी काढा! धागा ओढला जाईल!" अर्धं मुलुंड मला त्यावरून चिडवायचं.

दुकानामागच्या गावठाणात फिलोमिना टीचर राहायच्या. त्यांच्याकडे एक फायटर मासा होता. निळाजांभळा, आणि पर इतके लांब की पाण्यात शिफॉनचा पदर सोडलाय असं वाटावं. टीचर भाचीच्या लग्नाला पंधरा दिवस वसईला निघाल्या, तेव्हा काचेच्या पेटीसकट मासा आला माझ्या काउंटरवर.

"सांभाळा हो शेठ. आमचे हे गेल्यापासून घरात बोलायला हाच एक आहे."

"टीचर, नाजूक माल कसा सांभाळायचा, हे मला सांगता?"

पेटी जरा भकास दिसत होती. मी हौसेनं प्लॅस्टिकचं हिरवंगार झाड आणून आत सोडलं. झकास!

तिसऱ्या दिवशी शेपटीला चीर. पाणी बदलायचं काम माझ्या मेव्हण्याचं, सुधाकरचं. धरला त्यालाच.

"हातानं पकडलास ना रे?"

"आईशप्पथ भावजी, मी वाटीनं उचलतो!"

"मग चीर काय आभाळातून पडली?"

गडी जो रुसला, तो दुकानाची पायरी चढेना!

मी विचार केला, मासा बिचारा भेदरलाय, त्याला लपायला जागा हवी. टाकलं दुसरं झाड. चिरा वाढल्या. तिसरं टाकलं! आठवड्याभरात पेटीत बोरिवलीचं जंगल उभं राहिलं, आणि त्या पदराच्या झाल्या चिंध्या. टीचरना कुठल्या तोंडानं सांगणार?

दुपारी बायको डबा घेऊन आली. पेटीकडे टक लावून पाहिलं, हात घालून एक झाड बाहेर काढलं, पुसलं, आणि समोरच्या नव्याकोऱ्या नायलॉनच्या साडीवरून सरळ फिरवलं. सर्रर्र!

"अगं, धागा! धागा निघाला!"

"निघाला ना? अहो, बायकांच्या बोटांतल्या अंगठ्या काढायला लावता, आणि या मुक्या जिवाच्या अंगावर करवती सोडता? त्याही तीन-तीन!"

मी पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. खरोखरच करवत! नजरेला दिसली नव्हती, आणि बोट लावायचं सुचलंच नव्हतं. मला! ज्याच्याशी कापड बोलायचं, त्याला!

झाडं तिथल्या तिथे बाहेर. सुधाकरच्या घरी जाऊन हातापाया पडलो. मग त्यानं रोज थोडं थोडं पाणी बदललं, आणि चिंध्यांच्या टोकांना काचेसारखी कोवळी झालर फुटू लागली. पण पंधरवड्यात पदर थोडाच पुरा विणून होतो?

टीचर आल्या. पेटीवर वाकल्या. मासा त्यांच्या बोटाकडे धावत आला, तशा त्यांनी हळूच डोळे पुसले. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या.

"काय शेठ, मी अख्खी नऊवारी ठेवून गेले होते. परत देताना कटपीस?"

मुलुंडात आता कुणी अंगठीवरून चिडवत नाही. कटपीसवरून चिडवतात.

तर हा किस्सा तुम्ही पुढे सांगाल, सांगालच, तेव्हा एवढी विनंती आहे, हिशेब चोख ठेवा. तिन्ही झाडं माझ्या नावावर. सुधाकरच्या नावावर फक्त वाटी.